सहा तासांची प्रतीक्षा
डॉ. मिन चुए चांग यांची जीवनसाधना

मार्कलिखित शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात एक छोटासा दाखला आहे. पेरणाऱ्याच्या सुप्रसिद्ध दाखल्यामागे तो बहुधा झाकून जातो. बी टाकून घरी परतलेला शेतकरी आपल्या रोजच्या उद्योगाला लागतो. इकडे मातीत बियाला अंकुर फुटतो, पण तो कसा फुटला हे त्याला उमगत नाही. ह्या दाखल्यावर आम्ही अनेकदा प्रवचन केले आहे आणि त्या शेतकऱ्याच्या न उमगण्याची थोरवीही गायिली आहे. परंतु काही वर्षांपूर्वीच्या एका प्रसंगाने, आमचे स्वतःचे न उमगणे त्याच्यासारखे नम्र नसून निव्वळ आळसाचे आहे, ह्याची जाणीव आम्हांला करून दिली.

एके सायंकाळी आमच्या तत्कालीन धर्मग्रामातील एक दांपत्य भेटीस आले. लग्नाला नऊ वर्षे झाली होती, घरात पाळणा हलला नव्हता. नोव्हेना झाल्या होत्या, यात्रा झाल्या होत्या, औषधोपचार झाले होते. आता डॉक्टरांनी परीक्षानळीतील फलनाचा मार्ग सुचविला होता आणि तो ख्रिस्तसभेला मान्य आहे की नाही, एवढेच त्यांना विचारायचे होते. सेमिनरीतील नीतिशास्त्राच्या टिपणांतले जे उत्तर आम्हांला पाठ होते, ते आम्ही दहा मिनिटांत देऊन मोकळे झालो. नवरा मान खाली घालून ऐकत होता. बायकोने मात्र अगदी सौम्य स्वरात विचारले, "फादर, तिथे नेमकं काय करतात, ते तुम्हांला ठाऊक आहे का?" आम्हांला ठाऊक नव्हते. दोघांनी नमस्कार केला आणि ती निघून गेली.

प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून जन्मला आहे. उत्तर शोधता शोधता आम्ही ज्या व्यक्तीपाशी जाऊन पोहोचलो, तिचे नाव आमच्या टिपणांत कुठेही नव्हते. डॉ. मिन चुए चांग ह्या चिनी शास्त्रज्ञाने आयुष्याची पन्नासहून अधिक वर्षे सस्तन प्राण्यांची बीजे आणि त्यांचे फलन ह्या एकाच विषयाच्या अभ्यासात घालविली. ख्रिस्तसभेला ज्या दोन गोष्टींविषयी गेल्या शतकात वारंवार बोलावे लागले, ती संततिनियमनाची गोळी आणि परीक्षानळीतील गर्भ, ह्या दोहोंच्या वाटा ह्या एका माणसाच्या सशांच्या खोलीतून गेलेल्या आहेत.

दोनशे वर्षांचा शोध

चांग यांचे कार्य समजण्यासाठी आधी थोडे मागे जावे लागते. विल्यम हार्वी ह्या इंग्रज वैद्याने रक्ताभिसरणाचा शोध लावला, हे शाळेत सर्वांना शिकविले जाते. परंतु सस्तन प्राण्यांचे बीज शोधण्यासाठीही त्याने कष्ट उपसले, हे फारसे कोणी सांगत नाही. राजा पहिला चार्ल्स याने शिकार केलेल्या हरिणींची गर्भाशये त्याने तपासली आणि त्यांत त्याला बीज म्हणून काहीही सापडले नाही. १६५१ साली त्याने हे अपयश ग्रंथात प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले. पुढे १६७२ मध्ये डेल्फ्ट येथील राइनिर द ग्राफ ह्या कॅथलिक वैद्याने बीजकोशातील पुटिकांचे वर्णन केले. प्रत्यक्ष बीज मात्र १८२७ साली कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर यांना कुत्रीच्या बीजकोशात, एका पिवळसर ठिपक्याच्या रूपाने दिसले. मानवी स्त्रीबीजाचा व्यास सुमारे एक दशांश मिलिमीटर असतो. एवढीशी वस्तू शोधण्यास हार्वीपासून पावणेदोनशे वर्षे लागली.

ह्या इतिहासात एक धर्मगुरूही आहेत. इटलीतील पाव्हिया विद्यापीठात अध्यापन करणारे लाझारो स्पालान्झानी यांनी अठराव्या शतकात बेडकाच्या नरांना तलम कापडाच्या चिमुकल्या तुमानी चढविल्या आणि नराचे वीर्य अंड्यांना स्पर्श करीत नाही तोवर अंड्यांतून बेडूकमासे निघत नाहीत, हे दाखवून दिले. त्यांनी समागमाविना एका कुत्रीला गर्भधारणा करविली आणि बासष्ट दिवसांनी तिला तीन पिले झाली. वीर्य गाळून पाहिले असता गाळलेले पाणी निष्प्रभ ठरते आणि गाळणीवर राहिलेल्या अंशात सामर्थ्य असते, हेही त्यांना दिसले. तरीसुद्धा ते सामर्थ्य शुक्रजंतूंचे आहे, हा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. डोळ्यांसमोर असलेले सत्य मनातील पूर्वग्रहामुळे दिसू नये, असे विद्वानांच्याही बाबतीत घडते. आम्हां धर्मगुरूंना ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१८७६ साली ऑस्कर हर्टविग यांनी समुद्रसाळूच्या अंड्यात शुक्रजंतूचे केंद्रक बीजाच्या केंद्रकाशी एकरूप होताना पाहिले. समुद्रसाळूचे फलन पाण्यातच होते. ते काचेच्या बशीत पाहता येते. मग सशाचे का पाहता येऊ नये? १८७८ मध्ये व्हिएन्नाचे शेंक यांनी तसा प्रयत्न केला. त्यांच्यानंतर अनेकांनी केला. काही जणांनी यश मिळाल्याचे जाहीरही केले. पण सस्तन प्राण्याचे बीज केवळ थंडीच्या धक्क्यानेही, शुक्रजंतूविना, विभागू लागते. म्हणून बशीतील बीज दुभंगले एवढ्यावरून त्याचे फलन झाले असे म्हणता येत नव्हते. निःसंशय पुरावा एकच होता: बशीत फलन पावलेल्या बीजापासून जिवंत पिलू जन्मले पाहिजे. तो पुरावा ऐंशी वर्षे कोणालाही देता आला नाही.

शान्शीपासून श्रूजबरीपर्यंत

मिन चुए चांग यांचा जन्म १० ऑक्टोबर १९०८ रोजी चीनच्या शान्शी प्रांतात, तैयुआन शहरानजीकच्या एका खेड्यात झाला. पेकिंगच्या त्सिंगह्वा विद्यापीठातून १९३३ साली प्राणिमानसशास्त्राची पदवी घेऊन ते तेथेच अध्यापन करू लागले. १९३८ मध्ये परदेशी शिक्षणाच्या राष्ट्रीय स्पर्धापरीक्षेत त्यांना शिष्यवृत्ती मिळाली. मायदेश त्या वेळी जपानी आक्रमणाने होरपळत होता. स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे शेतीशास्त्राचा अभ्यास करून ते केंब्रिजला आर्थर वॉल्टन यांच्याकडे गेले. तेथे त्यांच्या वाट्याला विषय आला तो मेंढ्याच्या शुक्रजंतूंचा. शुक्रजंतू एकाएकी थंड केले तर मरतात. हळूहळू, सवय लावीत थंड केले तर तग धरतात, हे ह्या दोघांच्या अभ्यासाचे एक फलित होते. १९४१ साली चांग यांना केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली.

१९४५ साली ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात आले. हडसन होगलंड आणि ग्रेगरी पिंकस ह्या दोघा शास्त्रज्ञांनी आदल्याच वर्षी वूस्टर प्रायोगिक जीवशास्त्र प्रतिष्ठान नावाची संस्था स्थापन केली होती आणि श्रूजबरी ह्या लहानशा गावी तिचे काम चालू होते. पिंकस यांनी १९३४ साली, हार्वर्ड विद्यापीठात असताना, सशाच्या बीजाचे शरीराबाहेर फलन केल्याचे जाहीर केले होते. वृत्तपत्रांनी त्यावर गहजब केला आणि पुढे हार्वर्डने त्यांना कायम केले नाही. ही विद्या पिंकस यांच्याकडून शिकून घ्यावी, वर्षभर राहावे आणि परतावे, असा चांग यांचा बेत होता. आरंभीच्या दिवसांत ते संस्थेच्या आवारातच राहत आणि रात्रीच्या पहाऱ्याचे कामही करीत. त्या एका वर्षाची शेहेचाळीस वर्षे झाली. १९९१ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ती संस्था सोडली नाही.

शिकायला आलेल्या ह्या माणसाने गुरूचा प्रयोग पुनःपुन्हा करून पाहिला आणि तो जमेना. आणखी कोणी असता तर त्याने गुरूला खोटे ठरविले असते किंवा स्वतःला. चांग यांनी तिसरी वाट धरली. बशीतील फलनाचा हट्ट काही काळ बाजूला ठेवून त्यांनी बीजाचा स्वभाव ओळखण्याचे ठरविले. सशाचे फलित बीज थंडीत कित्येक दिवस साठवून पुन्हा सशीच्या शरीरात ठेवले तर पिलू जन्मते, हे त्यांनी १९४७ साली दाखविले. एका मादीचे फलित बीज दुसरीच्या गर्भाशयात वाढू शकते, हे इंग्लंडच्या वॉल्टर हीप यांनी १८९० सालीच सिद्ध केले होते. त्यांच्या बेल्जियन सशीने आपल्या चार पिलांबरोबर दोन लांबकेसाळ अंगोरा पिले दिली होती. चांग यांनी त्यापुढचा नियम शोधला. बीजाचे वय आणि गर्भाशयाची तयारी ह्यांचा मेळ बसावा लागतो. गर्भाशय फार पुढे गेलेले असेल किंवा फार मागे राहिलेले असेल, तर निरोगी बीजही तेथे रुजत नाही. पेरणीचा दिवस चुकला की उत्तम बियाणेही वाया जाते, हे आपल्याकडील कोणताही शेतकरी सांगेल. चांग यांनी त्याचे दिवस आणि तास मोजले.

सहा तास

आता आम्ही त्यांच्या सर्वांत मोठ्या शोधाकडे वळतो. सशीच्या बीजकोशातून बीज आपोआप सुटत नाही. समागमानंतर सुमारे दहा तासांनी ते सुटते. चांग यांनी शुक्रजंतू सरळ बीजवाहिनीत ठेवून पाहिले. बीज सुटण्याच्या पुष्कळ आधी ठेवले, तर बहुतेक बीजे फलित होत. बीज सुटून गेल्यावर ठेवले, तर ताजे, चपळ, असंख्य शुक्रजंतू बीजाभोवती असूनही फलन जवळजवळ होतच नसे. ह्याचा अर्थ काय? ताज्या शुक्रजंतूला फलनाची क्षमता नसते. ती त्याला मादीच्या शरीरात काही काळ राहिल्यावर प्राप्त होते. सशाच्या बाबतीत हा काळ सुमारे सहा तासांचा भरला.

१९५१ साली चांग यांनी हे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील कॉलिन रसेल ऑस्टिन यांनी, चांग यांच्या कामाची कल्पना नसताना, स्वतंत्रपणे तेच सांगितले. ह्या क्रियेला पुढल्या वर्षी ऑस्टिन यांनी जे नाव दिले त्याला आपण क्षमताप्राप्ती म्हणू. वीर्यातील द्रव्यांचा एक लेप शुक्रजंतूवर असतो. मातृमार्गातील स्राव तो लेप उतरवितात आणि शुक्रजंतूचे आवरण अशा रीतीने बदलते की बीजाच्या कवचातून त्याला आत शिरता यावे. १९५७ साली चांग यांनी ह्याची दुसरी बाजू दाखविली. क्षमता मिळालेले शुक्रजंतू पुन्हा वीर्यद्रवात बुडविले की ती नाहीशी होते. पुन्हा मादीच्या शरीरात ठेवले की परत येते.

ऐंशी वर्षांच्या अपयशाचे कारण एवढेच होते. शास्त्रज्ञ बशीत ताजे शुक्रजंतू घालीत होते. बीज तयार होते, शुक्रजंतूही जिवंत होते. मधले सहा तास तेवढे कोणी हिशेबात धरले नव्हते. प्राचीन काळी ॲरिस्टॉटलने असे मांडले होते की नर घडवितो आणि मादी केवळ द्रव्य पुरविते. युरोपातील विद्वानांनी, आमच्या धर्मपंडितांनीही, हे शतकानुशतके गिरविले. चांग यांच्या सशांनी वेगळीच साक्ष दिली. फलनाच्या आधीच, गर्भ राहण्याच्याही आधी, मातेचे शरीर कामाला लागलेले असते. पुरुषाच्या बीजाला बीजपण तेथे येते. हे वाचताना आमच्या मनात आईविषयीचा आदर दुणावला, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो.

ह्या ज्ञानाच्या आधारे १९५९ साली चांग यांनी तो निःसंशय पुरावा दिला. समागम झालेल्या सशीच्या गर्भाशयातून त्यांनी क्षमता मिळालेले शुक्रजंतू काढून घेतले, काचपात्रात बीजांचे फलन केले, ती बीजे दुसऱ्या सशींच्या शरीरात ठेवली आणि त्या सशींना जिवंत पिले झाली. पुढे त्यांच्याकडे आलेले तरुण जपानी शास्त्रज्ञ र्युझो यानागिमाची यांच्या साथीने त्यांनी १९६३ साली हॅम्स्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या बीजाचेही काचपात्रात फलन केले. मादीच्या शरीराबाहेरही शुक्रजंतूंना क्षमता देता येते, हे ह्या प्रयोगातून स्पष्ट झाले. केंब्रिज येथे ऑस्टिन यांच्या हाताखाली शिकणाऱ्या बॅरी बॅव्हिस्टर यांनी हॅम्स्टरच्या बीजासाठी अधिक चांगले द्रावण तयार केले, आणि त्याच द्रावणात १९६९ साली रॉबर्ट एडवर्ड्स, बॅव्हिस्टर आणि पॅट्रिक स्टेप्टो यांनी मानवी बीजाचे फलन घडल्याचे जाहीर केले. इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे २५ जुलै १९७८ रोजी जी कन्या जन्मली, तिच्या जन्मापर्यंत येणारी साखळी अशी आहे.

त्याच खोलीतील दुसरी वाट

१९५१ हे वर्ष चांग यांच्या आयुष्यात आणखी एका कारणाने महत्त्वाचे ठरले. संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांनी पिंकस यांची भेट घेतली आणि थोड्याशा पैशांवर काम सुरू झाले. प्रोजेस्टेरॉन ह्या संप्रेरकामुळे सशीचे बीज सुटणे थांबते, असे पेनसिल्व्हेनियातील संशोधकांनी १९३७ सालीच दाखविले होते. चांग यांनी तो प्रयोग पुन्हा करून खात्री करून घेतली. नंतर त्यांनी औषधकंपन्यांनी तयार केलेली अनेक कृत्रिम संयुगे एकामागून एक प्राण्यांवर तपासली आणि त्यांतील परिणामकारक संयुगे निवडली. स्त्रियांवरील चाचण्या जॉन रॉक यांनी पाहिल्या; १९५६ पासून प्वेर्तो रिको येथे त्या मोठ्या प्रमाणावर झाल्या. १९६० साली अमेरिकन शासनाने गोळीला संततिनियमनासाठी मान्यता दिली. बीजाचे फलन कसे होते हे शोधण्यासाठी आलेल्या माणसाच्या हातून, बीज सुटूच नये ह्याचा उपाय सिद्ध झाला.

रॉक हे बोस्टनचे नामांकित स्त्रीरोगतज्ज्ञ आणि नित्यनेमाने मिस्साला जाणारे कॅथलिक होते. निपुत्रिक स्त्रियांवर उपचार हे त्यांचे मूळ कार्य. १९४४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकारी मिरियम मेंकिन यांनी मानवी बीजाचे काचपात्रात फलन झाल्याचे निवेदन केले होते. स्त्रीच्या शरीरात स्वभावतः असलेल्या संप्रेरकाचेच अनुकरण गोळी करते, म्हणून ती ख्रिस्तसभेला मान्य व्हावी, असा त्यांचा युक्तिवाद होता आणि १९६३ साली त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिले. पोप तेविसावे जॉन यांनी त्याच वर्षी एक अभ्याससमिती नेमली, पोप सहावे पॉल यांनी ती वाढविली. समितीतील बहुसंख्य सभासदांचा कल बदलाकडे होता. तथापि २५ जुलै १९६८ रोजी 'ह्युमाने व्हिटे' हे परिपत्रक देऊन पोप सहावे पॉल यांनी पूर्वापार शिकवण कायम ठेवली. रॉक यांना त्याचे दुःख झाले. ह्या विषयात कॅथलिक घरांतही मतभेद झाले आणि ते आजही आहेत. ते नाहीत असे भासविण्यात काही अर्थ नाही.

ज्ञान आणि त्याचा विनियोग

आता त्या दांपत्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. तारखांकडे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. सहाव्या पॉलचे परिपत्रक २५ जुलै १९६८ चे. ओल्डहॅमची कन्या बरोबर दहा वर्षांनी, २५ जुलै १९७८ रोजी जन्मली. हा योगायोग आहे, परंतु दोन्ही घटनांमागील प्रश्न एकच आहे. पतिपत्नींचे एकत्व आणि अपत्याचा जन्म ह्या दोन गोष्टी परमेश्वराने एकाच कृतीत गुंफल्या आहेत, त्या माणसाने विलग करू नयेत, असे ख्रिस्तसभा म्हणते. गोळीने एकत्व राहते आणि जन्म वगळला जातो. काचपात्रात जन्म होतो आणि एकत्व वगळले जाते. चांग यांच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या दोन वाटा अशा रीतीने विरुद्ध दिशांना जातात, आणि ख्रिस्तसभेचे म्हणणे दोहोंच्या बाबतीत एकाच तत्त्वावर उभे आहे. पोप बारावे पायस यांनी १९५६ सालीच, म्हणजे चांग यांची पिले जन्मण्याच्या तीन वर्षे आधी, मानवी बीजाचे काचपात्रात फलन करण्याचे प्रयत्न निषिद्ध ठरविले होते. १९८७ च्या 'डोनुम व्हिटे' आणि २००८ च्या 'डिग्निटास पेर्सोने' ह्या दस्तऐवजांनी त्यात आणखी एका चिंतेची भर घातली: एका गर्भासाठी अनेक गर्भ तयार होतात, उरलेल्यांचे काय?

हे सारे आम्ही त्या सायंकाळी सांगितले होते. जे सांगितले नाही ते असे. ह्याच 'डोनुम व्हिटे'ने वंध्यत्वाची कारणे दूर करणाऱ्या संशोधनाला उत्तेजन दिले आहे, संतानहीन दांपत्याच्या वेदनेची दखल घेतली आहे, आणि कोणत्याही मार्गाने जन्मलेले मूल हे परमेश्वराच्या कृपेचे जिवंत दान मानून प्रेमाने स्वीकारावे, असे बजावले आहे. शिवाय, विवाहपूर्व शिबिरांतून आम्ही जे नैसर्गिक कुटुंबनियोजन शिकवितो, त्याचा पाया कोणता? स्त्रीबीज सुटल्यावर जेमतेम एक दिवस टिकते, शुक्रजंतू मातृमार्गात पाचएक दिवस जगू शकतात, हेच ना? हे ज्ञान प्रार्थनामंदिरात नव्हे, प्रयोगशाळांत मिळाले. ज्ञान मिळविणाऱ्यांचे ऋण घ्यायचे आणि त्यांचे नाव फक्त निषेधाच्या वेळी काढायचे, हे न्यायाचे नाही.

सांगायची आणखी एक आठवण आहे. ओल्डहॅमच्या कन्येच्या जन्मानंतर, ऑगस्ट १९७८ च्या आरंभी, व्हेनिसचे कार्डिनल आल्बिनो लुचानी यांना त्याविषयी विचारण्यात आले. त्या बाळाला त्यांनी मनःपूर्वक शुभेच्छा दिल्या. आईवडिलांना दोष देण्याचा आपणांस अधिकार नाही, असे ते म्हणाले. आणि ह्या तंत्राविषयीची ख्रिस्तसभेची शंकाही त्यांनी लपविली नाही. त्याच महिन्याच्या २६ तारखेस ते पोप पहिले जॉन पॉल म्हणून निवडले गेले. सत्य न सोडता माणसाला जवळ कसे करावे, ह्याचा तो वस्तुपाठ होता. आमच्याकडे त्या सायंकाळी तो नव्हता.

ही विद्या आपल्याकडेही येऊन पोहोचली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून परीक्षानळीतील फलनाने एक कन्या जन्मली आणि ती भारतातील पहिली म्हणून गाजली. पण कलकत्त्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ३ ऑक्टोबर १९७८ रोजीच असा जन्म घडविला होता. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. उपेक्षेने खचलेल्या त्या शास्त्रज्ञाने १९८१ साली स्वतःचे जीवन संपविले. मुखोपाध्याय यांची टिपणे वाचल्यावर आनंद कुमार यांनी १९९७ साली जाहीरपणे सांगितले की पहिलेपणाचा मान आपला नव्हे, त्यांचा आहे. आपल्या हातातला मान स्वतःहून दुसऱ्याला देणे सोपे नसते.

चांग यांच्या वाट्याला मानसन्मान आले, पण उशिरा आणि मोजके. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना १९९० साली सभासद करून घेतले. ५ जून १९९१ रोजी वूस्टर येथे त्यांचे निधन झाले. २०१० साली ह्या क्षेत्रातील कार्यासाठी एडवर्ड्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते दिवंगतांना देत नाहीत. चांग, स्टेप्टो आणि त्यांच्या सहकारी परिचारिका जीन पर्डी हे तिघेही तोवर गेलेले होते. चांग ज्या संस्थेत राहिले ती १९९७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात विलीन झाली.

त्या प्रसंगानंतर वर्षभरात आमची बदली झाली. त्या दांपत्याने पुढे कोणता निर्णय घेतला, हे आम्हांला कळले नाही आणि विचारण्याचा आम्हांला अधिकारही वाटला नाही. ख्रिस्तसभेची शिकवण तेव्हा जी होती तीच आज आहे, आणि कोणी विचारले तर आम्ही तीच सांगू. परंतु आता आम्ही आधी त्यांना बसवू, नऊ वर्षांत काय काय सोसले ते ऐकू, डॉक्टरांनी काय सांगितले ते समजावून घेऊ, कोणते उपचार अजून उरले आहेत ते पाहू, दत्तक अपत्याविषयी त्यांची तयारी असेल तर बोलू, आणि मग हळूहळू जे सांगायचे ते सांगू. निर्जीव काचेच्या बशीत घाई केल्यामुळे ऐंशी वर्षे काहीही रुजले नाही. माणसांच्या मनांपाशी आम्ही दहा मिनिटांत काय रुजविणार होतो?

हे त्रैमासिक आमच्या जुन्या धर्मग्रामातही जाते. ज्या घरात तो प्रश्न विचारणारी भगिनी राहते, त्या घरी हा अंक पोहोचला, तर तिने हे आमचे उशिरा दिलेले उत्तर समजावे. तिथे नेमके काय करतात, ते आता आम्हांला ठाऊक आहे, आणि त्या वेळी ठाऊक नव्हते, ह्याबद्दल आम्ही तिची क्षमा मागतो.